माळवदावरची माती

पावसाळा तोंडावर आला की घराघरांत एकच विषय निघतो. कुठे छत गळते, कुठे भिंतीला ओल आलेली असते, कुठे मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची असते. मग गवंड्याला निरोप जातो, ओळखीतल्या कुणा इंजिनिअरला ‘जरा बघून जा’ म्हणून सांगितले जाते, शेजारी न विचारता सल्ला देतात आणि आठवड्याभरात दारात वाळूचा ढीग पडतो. या साऱ्याला आपण दुरुस्ती म्हणतो आणि ती संपली की विसरून जातो. इतिहासाची पुस्तकेही तशीच विसरतात. वाडा कुणी बांधला, कोणत्या साली बांधला हे त्यांत सापडते. पुढची दोनशे वर्षे तो कुणी आणि कसा उभा ठेवला, हे क्वचितच सापडते.

मी मराठवाड्यात बरीच वर्षे इतिहास शिकवला. गावोगाव हिंडताना देवळे, बारवा, गढ्या पाहिल्या, तशी साधी राहती घरेही पाहिली. त्यामुळे आज मी आपल्याशी एका दुरुस्तीच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. ही एका घराची हकीगत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर, उस्मानाबाद (आजचा धाराशिव) आणि आसपासच्या जिल्ह्यांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि फेरबांधणी झाली. चार-पाच वर्षे ते काम चालले. घरमालक, गवंडी आणि इंजिनिअर ही तीन माणसे एवढ्या मोठ्या संख्येने एकमेकांसमोर उभी राहण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच आला असेल. त्यांचे कुठे जमले आणि कुठे बिनसले हे पाहिले, तर आज घराला हात लावणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल असे मला वाटते.

आधी ती घरे कशी होती ते पाहू. किल्लारी, सास्तूर, औसा, निलंगा, उमरगा हा सारा पठारी मुलूख. इथे काळ्या दगडाला तोटा नाही. चुना विकत आणायचा म्हणजे ऐपतीचे काम. तेव्हा शेतातला, नाल्यातला दगड गोळा करायचा आणि मातीच्या गाऱ्यात भिंत रचायची, ही इथली रीत. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, कुठे कुठे त्याहूनही जाड. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत लहान दगड व माती. अशी भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि चोराला सहजासहजी फोडता येत नाही. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सगळ्यात वर मातीचे सपाट छत. हेच माळवद. घर किती मोठे हे कुणी चौरस फुटांत सांगत नसे. खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि पाच खणांचे घर, नऊ खणांचे घर अशी मोजणी होई.

हे घर बांधायला नकाशा लागत नसे. मालक, सुतार आणि गवंडी जागेवर उभे राहून ठरवत. खण किती घ्यायचे, दार कोणत्या दिशेला ठेवायचे, धान्याचे बळद कुठे काढायचे, देवळ्या किती सोडायच्या, हे सारे बोलण्यात ठरे. सुताराच्या मापाने सांगाडा उभा राही आणि गवंडी त्याच्याभोवती भिंत चढवी. मालकालाही त्या कामातले बरेच कळत असे, कारण लहानपणापासून त्याने घरे बांधली जाताना पाहिलेली असत. काय टिकते आणि काय पडते, हे या तिघांना ऊन, पाऊस आणि वारा यांच्या अनुभवाने ठाऊक होते. जमीन हलण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठीला नव्हता.

आता माळवदाची दुरुस्ती कशी होई ते ऐका, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ तिथे आहे. मातीचे छत पावसात झिजते, त्याला चिरा जातात, ते गळू लागते. म्हणून मृगाच्या आधी गावाच्या पांढरीतली माती आणायची, माळवदावर पसरायची आणि चोपून बसवायची. गळती थांबे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खालची जुनी माती काढून मगच वर नवी टाकायची, असे करणारे थोडे. बहुतेक ठिकाणी थरावर थर चढत गेले. आजोबांनी टाकलेली माती तशीच, तिच्यावर वडिलांची, तिच्यावर मुलाची. फूटभर जाडीचे माळवद दोन पिढ्यांत दीड-दोन फुटांचे झाले.

याचा हिशेब साधा आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट जाडीची माती असली, तर तिचे वजन सुमारे पाच टन भरते. दोन फूट असली तर दहा टनांच्या वर. म्हणजे खाली माणसे झोपलेली आणि डोक्यावर भरलेला मालट्रक. रोजच्या जगण्यात त्याचा त्रास काहीच नव्हता. उलट जाड माळवदाखाली गारवा जास्त. घर नीट राखणारा, दरवर्षी न चुकता माती टाकणारा जो व्यवस्थित माणूस, त्याच्याच घराचे छत सर्वांत जड होत गेले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता साधारण ६.२ ते ६.४ सांगितली जाते. जगाच्या हिशेबाने हा मध्यम भूकंप. तरीही आठ ते दहा हजार माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जवळपास एवढ्याच तीव्रतेचा होता आणि तोही पहाटेच झाला होता. तिथे गेलेल्यांची संख्या दोनशेच्या आत राहिली. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ होती, आणि भरपूर पावसाच्या त्या मुलखात छपरे उतरती असतात, त्यांवर मातीचे थर साठत नाहीत. दोन्ही गोष्टींचा फरक पडला असणार.

किल्लारीच्या लोकांना जमिनीची चाहूल लागली नव्हती असे नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासून तिथे लहान-मोठे धक्के बसत होते, १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगला जाणवण्याजोगा होता. पण देशाच्या भूकंपप्रवणतेच्या १९८४ च्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा करणारे निश्चिंत होते आणि घर बांधणारेही. २००२ साली तो नकाशा सुधारला, पहिला पट्टा रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांनी पडझड पाहिली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. पुष्कळ घरांत भिंती कोसळल्या होत्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा होता. म्हणजे छताचा भार खांबांवर होता, आणि तरी माणसे भिंतींच्या दगडांखाली गेली. असे का झाले? भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. चांगला गवंडी मधूनमधून एक लांब दगड असा घालतो की तो आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही अंगांना पोचतो. असे आरपार दगड शोधायला आणि घडवायला वेळ लागतो, मजुरी लागते. ते घालण्याची पद्धत मागे पडत गेली होती. त्यात वरून झिरपलेल्या पाण्याने मधली माती वाहून जाई, भिंतीला फुगा येई. हादरा बसला तेव्हा दोन पदर दोन दिशांना उलगडले. जिथे भारही भिंतीवरच होता, तिथे माळवद सरळ खाली आले. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या आणि गवताच्या झोपड्या मात्र पुष्कळशा बचावल्या. ज्याच्याकडे दगडी घर बांधण्याची ऐपत नव्हती, तो त्या पहाटे वाचला.

पुढे शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने तो १९९४ ते १९९८ या काळात राबवला गेला. त्यात ढोबळमानाने दोन भाग होते. जी ५२ गावे पार उद्ध्वस्त झाली होती, ती नव्या जागी वसवायची ठरली. तिथे सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली, जमीनधारणेच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या भागाबद्दल त्या मानाने कमी बोलले जाते, आणि आकड्यांनी तो कितीतरी मोठा होता. ज्या हजारो गावांत घरांना तडे गेले होते, काही भिंती पडल्या होत्या, पण गाव उभे होते, तिथे लोकांनी आपापल्या जागीच घर दुरुस्त आणि बळकट करायचे होते. पैसे शासन देणार, हप्त्याहप्त्याने. काम मालकाने करून घ्यायचे. तांत्रिक सल्ला आणि तपासणी कनिष्ठ अभियंत्याने करायची.

इंजिनिअरांचे म्हणणे काय होते? ते ऐकण्यासारखे आहे, कारण शास्त्र म्हणून ते चुकीचे नव्हते. भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीविषयी आणि भूकंपाच्या दृष्टीने त्या बळकट करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. त्यांचा मथितार्थ आपल्या घरगुती भाषेत सांगायचा तर असा: घर पाडू नका. आधी माळवदावरची जादा माती उतरवा, लागेल तेवढीच ठेवा आणि पाणी झिरपणार नाही अशी व्यवस्था करा. मग भिंतीत साधारण मीटर-मीटर अंतरावर दगड अलगद काढून आरपार भोक पाडा, त्यात आकड्याची सळई घाला आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन पदर एकमेकांना शिवले जातील. मग दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, भिंतीच्या दोन्ही अंगांनी, लोखंडी जाळी बसवून सिमेंटचा पट्टा फिरवा. पिंपाला जसे कडे असते, तसे ते घराला होईल. आतल्या लाकडी खांबांना आणि तुळयांना तिरके टेकू जोडा, म्हणजे सांगाडा डुलणार नाही. नवी खोली बांधण्याच्या मानाने याला खर्च थोडा, आणि घर होते तसे मोठे राहते, थंडही राहते.

आणि लोकांनी काय केले? बहुतेकांनी हे ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. मिळालेल्या पैशांतून त्यांनी जुन्या घराला लागून, नाहीतर अंगणात, सिमेंटची एक नवी खोली बांधली. दहा बाय बारा, फार तर थोडी मोठी. जुने घर तसेच मागे उभे राहिले, तडे गेलेले, माळवदासकट. कार्यक्रम आखणाऱ्यांनी दुरुस्ती हा मुख्य मार्ग धरला होता. प्रत्यक्षात नवी खोली हाच मुख्य मार्ग झाला.

यावर त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरेच रागाने बोलले गेले. इंजिनिअर म्हणत, लोक अडाणी आहेत, त्यांना सिमेंटचा सोस आहे. लोक म्हणत, हे साहेब रात्री आपल्या पक्क्या घरात झोपतात आणि आम्हाला दगडाखाली झोपायला सांगतात. मला दोघांचेही पटत नाही, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

लोकांच्या बाजूने पाहा. ज्या दगडाखालून आपले माणूस ओढून काढले, त्याच दगडाच्या भिंतीशेजारी पुन्हा अंथरूण घालायचे, ही गोष्ट सळईने आणि जाळीने सुटणारी नव्हती. नंतरच्या कित्येक महिन्यांत लोक अंगणात, रानात, पत्र्याच्या आडोशाला झोपत होते. दुसरे असे की, भिंतीच्या पोटात घातलेले काँक्रीट गिलाव्याखाली दिसत नाही. नवी खोली दिसते, तिला दार असते, कुलूप लागते, सोयरे आले की तिच्यात बसवता येते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शासन तोंडाने सांगत होते की दगडी घर बळकट करता येते. पण ते स्वतः ५२ गावांत जे बांधत होते, ते सगळे सिमेंटचे होते. माणसे सांगण्यापेक्षा करण्याकडे पाहतात. ज्याला आपण सल्ला देतो, तो आपण स्वतः काय करतो ते बघून निर्णय घेतो. डॉक्टरच्या बाबतीत हे जितके खरे आहे तितकेच घर बांधणाऱ्याच्या बाबतीत.

इंजिनिअरांचीही अडचण होती. एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे अनेक गावे होती. प्रत्येक घर वेगळे, प्रत्येक भिंतीचा तडा वेगळा. त्यांचे शिक्षण नव्या इमारतीचे झालेले. मातीच्या गाऱ्यातली भिंत, माळवद आणि लाकडी खण यांविषयी त्यांच्या अभ्यासक्रमात फारसे काही नव्हते. नवी खोली बांधली तर नमुना ठरलेला, मोजमाप ठरलेले, हप्ता कधी सोडायचा तेही स्पष्ट. जुन्या घराच्या दुरुस्तीत मात्र दगड काढल्यावरच आतले खरे कळते. रोज जागेवर उभे राहावे लागते. तेव्हा नवी खोली मालकाला हवी होती आणि तपासणाऱ्यालाही ती सोयीची होती. त्या दोघांचे या एका मुद्द्यावर न बोलताच जमून गेले.

आणि गवंडी? त्याला विचारायचे बहुतेक ठिकाणी राहूनच गेले. जुन्या दगडकामाचा जाणता तो. कोणत्या घरात आरपार दगड घातले होते आणि कोणत्या घरात मालकाने हात आखडता घेतला, हे त्याला माहीत. पण सळई बांधणे, खडी-वाळूचे प्रमाण धरणे, सेंटरिंग लावणे हे काम त्याला नवे होते. काही ठिकाणी प्रशिक्षणवर्ग झाले, स्वयंसेवी संस्थांनी घरे बळकट करून दाखवली, आणि जिथे गवंड्याने एक घर स्वतःच्या हाताने तसे केले, तिथे आसपासच्या लोकांचा विश्वास थोडा वाढला. पण मागणी प्रचंड आणि शिकलेले हात थोडे. शहरांतून ठेकेदार आले. उक्ते काम घेतले की ते लवकर उरकण्याकडे कल असतो. मराठवाड्यात पाण्याची टंचाई ही कायमची. काँक्रीटवर आठ-दहा दिवस पाणी मारावे लागते हे कळले, तरी प्यायला पाणी नाही तिथे भिंतीला कुठून आणणार? पाणी न मिळालेले काँक्रीट दिसायला तसेच दिसते. कमी पडते ते त्याचे बळ, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

या साऱ्या गोंधळात एक गोष्ट मात्र चांगली झाली. दुरुस्तीच्या कार्यक्रमात लोकांचा सहभाग वाढावा म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची मदत घेण्यात आली. तिने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. यादीत कुणाचे नाव राहिले, हप्ता कुठे अडकला, इंजिनिअर कोणत्या दिवशी येणार, पट्टा कुठून फिरवायचा आणि का, हे त्या घरोघरी जाऊन सांगत. इंजिनिअर जे आकृतीत दाखवी ते त्या ओसरीवर बसून बोलीत सांगत, आणि घरातल्या बाईची अडचण इंजिनिअरच्या कानावर घालत. बांधकामाच्या बोलण्यात बाईला तोवर कुणी धरत नसे. खरे तर घर सारवणे, लिंपणे, ओल कुठून येते ते ओळखणे हे काम तिचेच असते. घराच्या कोणत्या कोपऱ्यात काय दुखते हे तिच्याइतके कुणाला माहीत असणार? अशा गावांत प्रश्न विचारले जाऊ लागले, आणि प्रश्न विचारले जातात तिथे काम जरा सरळ होते.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले. तिथे बहुतेक ठिकाणी गावे उचलून नेण्याऐवजी मालकानेच आपले घर बांधायचे, पैसे टप्प्याटप्प्याने बँकेतून द्यायचे, तपासणी इंजिनिअरने करायची आणि गवंड्यांना शिकवायचे, हा मार्ग धरला गेला. लातूरच्या अनुभवाचा त्यात वाटा होता. मराठवाड्यातल्या काही संवाद सहायक बायका त्या काळात कच्छला गेल्या आणि आपल्यावर जे गुदरले होते ते त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले. इतिहासात असे धागे सहसा नोंदले जात नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो आहे.

त्या नव्या खोल्या आज जुन्या झाल्या आहेत. उन्हाळ्यात त्या तापतात, म्हणून दुपारी माणसे पुन्हा जुन्या घरात, दगडी भिंतीच्या गारव्याला जाऊन बसतात. तिथे कडबा असतो, धान्य असते, कुठे म्हातारी माणसेही तिथेच राहतात. भूकंप दुपारी यायचा नाही असे काही लिहून दिलेले नाही. जे घर बळकट करायचे होते, ते तसेच राहिले आणि वापरातही राहिले. लोकांनी नवी खोली निवडली यात त्यांचा दोष मी काढणार नाही. पण तिच्याबरोबर जुन्या माळवदावरची निदान माती उतरवली असती, तर त्याला सिमेंट लागत नव्हते की सळई लागत नव्हती. फावडी, पाट्या आणि चार माणसे एवढेच हवे होते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला पुष्कळ ठिकाणी तसाच राहून गेला, कारण तो देणाऱ्यावर भरवसा बसला नव्हता.

आता कुणी म्हणेल, ही खेड्यातली जुनी गोष्ट, आम्ही शहरात सदनिकेत राहतो, आमचा काय संबंध? संबंध आहे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते, आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला असा आरोप झाला. भूकंप नव्हता, वादळ नव्हते. शहरात आपण रोज पाहतो: दिवाणखाना मोठा हवा म्हणून भिंत काढतात, गॅलरी आत घेतात, गच्चीवर बाग करायची म्हणून ओली माती टाकतात, जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवतात आणि काही वर्षांनी तिच्यावर आणखी एक. माळवदावरच्या थरांपेक्षा हे वेगळे आहे का? प्रत्येक थर टाकणाऱ्याला आपला एकच थर दिसतो. खालचे सगळे थर मोजणारा कुणीतरी लागतो.

म्हणून घराच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लातूरच्या अनुभवातून चार गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली, आपल्या घरात भार कशावर आहे हे आधी जाणत्याकडून समजून घ्यावे. भिंत भार घेते की नुसता आडोसा करते, हे दिसण्यावरून कळत नाही. दुसरी, प्रत्येक कामाच्या वेळी वजन किती वाढते आणि किती उतरते हे विचारावे. इंजिनिअरने या प्रश्नाला चिडू नये, आणि चिडला तर दुसरा शोधावा. तिसरी, कामाचे टप्पे लिहून घ्यावेत आणि पैसे टप्पा पुरा झाल्यावर द्यावेत, शनिवार आला म्हणून नव्हे. जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी तपासून घ्यावे. चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि तीच आपण टाळतो. इंजिनिअर आणि गवंडी यांना एकदा तरी एकत्र, आपल्यासमोर, जागेवर उभे करावे आणि काय करायचे ते एकमेकांना सांगायला लावावे. घरातल्या बाईलाही त्या वेळी बोलवावे. जुन्या काळी पाच खणांच्या घराला नकाशा नव्हता, पण मालक, सुतार आणि गवंडी यांची ही जागेवरची बैठक होत असे. आज आपल्याकडे नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, परवानगीचा कागद असतो, आणि ती बैठक तेवढी होत नाही.

पावसाळा आला की छत गळणारच, आणि आपण ते दुरुस्तही करणार. त्या वेळी वर काय टाकायचे हे ठरवण्याआधी खालचे काय काढायचे आहे, एवढे मात्र त्या दोघांना विचारून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)